नंबर वाढतो म्हणजे नेमकं काय वाढतं?

बोईसरला माझं चष्म्याचं दुकान आहे. तपासायला येणारी मुलं बहुतेक तारापूर एमआयडीसीत कामाला असलेल्यांची, काही पालघर-सातपाटीकडची. त्यांच्या आईवडिलांशी बोलून बोलून मनात पक्कं झालेलं थोडं लिहितो.

१. चष्म्याने नंबर वाढत नाही. डोळा लांबतो म्हणून वाढतो. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे जेमतेम 17 मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा 23-24. वाढताना लांबी आणि भिंगाची ताकद एकमेकांशी जुळत जातात. लांबी पुढे निघून गेली, की चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतं आणि फळा धूसर दिसतो. एक मिलिमीटर जादा म्हणजे साधारण अडीच-तीन नंबर. वाढलेली उंची जशी कमी होत नाही, तशी ही लांबीही नाही. म्हणून "काका, नंबर जाईल ना?" याला माझं उत्तर सरळ "नाही" असतं.

२. पहिलीतल्या मुलाचा नंबर शून्य निघाला, की घरचे खूश होतात. मी होत नाही. त्या वयात डोळ्यात थोडा प्लस शिल्लक असायला हवा, निदान पाऊण नंबर. तो आधीच संपला असेल तर पुढे मायनस येण्याची शक्यता जास्त. आईवडील दोघांना चष्मा असेल तर आणखीच. मात्र हा प्लस डोळ्यांत थेंब टाकून तपासल्याशिवाय नीट कळत नाही. मूल डोळ्याला ताण देऊन तो झाकून टाकतं.

३. "थोडा कमीच द्या, डोळ्याला सवय नको." हे आजी-आजोबांचं आवडतं वाक्य. मलेशियात मुद्दाम कमी नंबर देऊन पाहिलं होतं. 2002 साली निकाल आला, त्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला. आमच्याकडे आठवीतला एक मुलगा आला होता. ट्रायल फ्रेममध्ये पूर्ण नंबर घालून त्याला दारात उभं केलं. तो समोरच्या रिक्षांच्या नंबरप्लेटा मोठमोठ्याने वाचायला लागला, त्या संपल्या तेव्हा पलीकडच्या पाट्यांवर घसरला. आई म्हणाली, "पहिल्या बाकासाठी रोज भांडण कशाला, ते आत्ता कळलं."

४. सगळ्यात जास्त डोकं मी क्लासच्या वेळेवरून खातो. शाळा सुटली की जेवण, मग चार ते सात क्लास. थंडीत सहाला अंधारतं, म्हणजे दिवसाचा उजेड संपला! मोकळ्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन वाढतं आणि लांबण्याला लगाम बसतो, असं संशोधक मानतात. चीनच्या ग्वांगझू शहरात शाळांनी रोज 40 मिनिटांचा बाहेरचा तास वाढवला. तीन वर्षांत मायनस लागलेली मुलं 30 टक्के, इतर शाळांत जवळपास 40. तैवानने तर 2010 पासून शाळकरी मुलांसाठी रोज दोन तास बाहेर हेच धोरण धरलं. ऊन अंगावर घ्यायची गरज नाही, झाडाची सावली चालते. घरात दिवे लावून पाचशे लक्स मिळाले तरी खूप. बाहेर सावलीतही त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओट्यावर बसवलं तरी ट्यूबलाइटपेक्षा बरं. तारापूरच्या एका ताईंनी चार आया गोळा करून क्लासच्या सरांकडून सातनंतरची वेळ मिळवली. सर कुरकुरले, पण फी चौघांची होती.

५. गाजर खा, पण नंबरासाठी नको. निळा प्रकाश अडवणारी काचही नंबर थांबवत नाही. (ती मी विकतो, मागितली तर देतो, हे सांगून देतो.)

६. नंबर भराभर वाढत असेल तर माझ्याकडे थांबू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. अॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब वाढीचा वेग कमी करतात, थांबवत नाहीत. हाँगकाँगच्या चाचणीत 0.05 टक्क्यांचे थेंब 0.01 पेक्षा सरस ठरले. मायनस सहाच्या पुढे पडदा सुटण्याचा धोका वाढतो, त्यामुळे वाचलेला एकेक नंबर मोलाचा. जाताना जुन्या नंबरांचे सगळे कागद न्या. डॉक्टर आधी तेच मागतात, आणि नेमके तेच घरी राहतात.