बिल्ड खोटं बोलता कामा नये

पायथनमध्ये स्वतःचं बिल्ड टूल लिहायला घेते आहेस ना, मग पहिली ओळ लिहायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. "सगळं ताजं आहे, काही करायचं नाही" असं तुझं टूल म्हणालं, तर ते खरंच असलं पाहिजे. वेग, रंगीत आउटपुट, सुटसुटीत कमांड हे सगळं नंतरचं. टूल एकदा खोटं बोललं की टीममधला प्रत्येक जण धास्तीने आधी 'क्लीन' मारतो आणि मगच बिल्ड करतो.

हे दुखणं जुनं आहे. 1976 साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिलं, ते यातूनच. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एक बग शोधण्यात गेली होती. बग दुरुस्त झालेला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती.

'मेक' फाइलींच्या वेळा ताडून बघतं. तू वेळेवर विसंबू नकोस. गिटमध्ये ब्रँच बदलून परत आलीस तर मजकूर तोच असतो, वेळ मात्र नवी पडते, आणि विनाकारण पुन्हा कंपाइल होत बसतं. त्याऐवजी हॅशलिब वापरून मजकुराचाच हॅश घे. एसकॉन्स हे पायथनमधलं टूल मुळात असंच चालतं. पण नुसत्या सोर्सच्या हॅशवर थांबू नकोस, बहुतेक जण तिथेच फसतात. कंपायलरला दिलेली पूर्ण कमांड आणि कंपायलरची आवृत्ती हेही त्या हॅशमध्ये घाल. उद्या कुणी ऑप्टिमायझेशनचा पर्याय बदलला, तर सोर्सचं एक अक्षरही हलत नाही, तरी ऑब्जेक्ट फाइल शिळी झालेली असते.

हेडरचंही तेच. इन्क्लूडच्या ओळी रेगेक्सने हुडकायच्या भानगडीत पडू नकोस, मॅक्रो आणि इफडेफ तुला हमखास चकवतील. जीसीसीला किंवा क्लँगला एमडी हा पर्याय दे. कंपाइल करतानाच तो कोणकोणते हेडर उघडले याची यादी 'डी' फाइलीत लिहून ठेवतो. पहिल्या बिल्डला ती यादी नसली तरी बिघडत नाही, तेव्हा सगळंच कंपाइल व्हायचं असतं. दुसऱ्यापासून ती वाच. मात्र एखादा हेडर तुझीच स्क्रिप्ट तयार करत असेल, तर तो आधी व्हायला हवा हे स्वतः लिहून सांगावं लागतं.

आता अर्धवट फाइलींकडे नीट लक्ष दे. एखादी स्क्रिप्ट निम्मी फाइल लिहून मेली, किंवा कुणी कंट्रोल-सी दाबलं, तर ती अपुरी फाइल पुढच्या वेळी पुरी समजली जाते. म्हणून आउटपुट थेट खऱ्या नावाने कधीच लिहू नकोस. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिही, कमांड शून्य कोडने संपली की मगच ओएस.रिप्लेसने नाव बदल. फोल्डर तोच हवा, कारण नाव एका झटक्यात बदलण्याची खात्री एकाच फाइलसिस्टिमच्या आत असते. हॅश ज्यात साठवतेस त्या नोंदवहीत नवा हॅश त्यानंतर लिही, आधी नाही. नोंदवहीची जेसनफाइलही अशीच लिही, आणि ती वाचताच आली नाही तर गुपचूप टाकून देऊन सगळं नव्याने बांध.

नियम लिहायला स्वतःची नवी भाषा काढू नकोस. फेल्डमन यांच्या टूलमधली कमांडची ओळ टॅबनेच सुरू करण्याची अट आज सगळ्यांना छळते. ती बदलायची राहिली, कारण तेव्हाच डझनभर लोक ते वापरू लागले होते. नियम पायथनमध्येच असू दे, पण त्या फंक्शनांनी काम फक्त सांगावं, करू नये. आधी कोणतं काम कशावर अवलंबून आहे याचा पूर्ण आलेख जमवायचा, मग चालवायचा. क्रम लावायला पायथन 3.9 पासून ग्राफलिब आहेच, चक्र सापडलं तर ते एरर देतं. एकाच वेळी अनेक कामं चालवायला साधे थ्रेड पुरतात, कारण खरं काम वेगळ्या प्रोसेसमधला कंपायलर करत असतो. प्रत्येक कामाचं आउटपुट साठवून ते संपल्यावर एकदम छाप, नाहीतर चार कामांच्या एरर एकमेकांत मिसळतात.

सबप्रोसेसला कमांड यादी म्हणून दे, शेलमधून नेऊ नकोस. विंडोजवर कुणाच्या तरी फोल्डरच्या नावात स्पेस असतेच. भाषांतराच्या फाइलींत मराठी मजकूर असेल तर उघडताना यूटीएफ-8 स्पष्ट लिही.

आणि निव्वळ सी किंवा सी++ कंपाइल करायचं असेल, तर हे सगळं लिहूच नकोस. पायथनमधून निंजा या बिल्ड टूलची फाइल तयार करून दे, मेसन हे टूल तेच करतं. चित्रं, भाषांतरं, एक्सेलमधून निघणारे तक्ते असं काही मध्ये असेल तरच स्वतःचं टूल काढायला अर्थ आहे.

झालं की असं तपास. लागोपाठ दोनदा चालव. दुसऱ्या वेळी एकही कमांड चालता कामा नये. एका हेडरमध्ये बदल कर आणि जेवढ्या फाइली त्याला वापरतात तेवढ्याच कंपाइल झाल्या का ते मोज. मध्येच कंट्रोल-सी मारून पुन्हा चालव. मग रिकाम्या फोल्डरमध्ये पूर्ण बिल्ड करून दोन्हींचे निकाल बाइटन् बाइट ताडून बघ. फरक आला तर आधी कुणी कोडमध्ये बिल्डची तारीख-वेळ छापली आहे का ते शोध, ती काढून टाक, आणि मग टूलकडे वळ.