ट्रकच्या सायलेन्सरचा क्लॅम्प : घट्ट आवळला म्हणजे झालं का?



आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील किंवा काका ट्रक चालवतात. सुट्टीत मुलंही एखाद्या फेरीला सोबत जातात आणि रात्री केबिनमध्येच झोपतात. म्हणून आजचा पाठ ट्रकच्या खाली दडलेल्या एका छोट्या वस्तूवर आहे : सायलेन्सरच्या पाइपचा क्लॅम्प. प्रसरण, गंज, वर्तुळाचा परीघ हे सगळं मुलांना यातून शिकवता येतं.

गळती का धोक्याची?

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण बंद केबिनमध्ये थोडाथोडा साचत गेला तर तोही घातक ठरतो. डोकं दुखणं, मळमळणं, गुंगी येणं ही त्याची लक्षणं. आपण त्याला प्रवासाचा थकवा समजतो, धोका इथेच आहे.

जोड ढिला का होतो?

पहिलं कारण उष्णता. साध्या पोलादाचा २ मीटर पाइप ३०० अंश सेल्सिअसने तापला, तर तो सुमारे ७ मिलिमीटर लांब होतो. गार झाला की परत आखडतो. हे रोज घडतं.

दुसरं कारण हादरे. पाइपाचं वजन रबरी हँगरने पेलायचं असतं. हँगर तुटला की ते वजन क्लॅम्पवर येतं. अशा वेळी नुसता क्लॅम्प बदलून उपयोग नाही, काही दिवसांत नवाही तुटेल.

तिसरं कारण गंज. मुलांना हे सांगा, त्यांना नवल वाटेल : १ लिटर डिझेल जळलं की जवळजवळ १ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पाइप गार असताना त्यातली काही वाफ आतच थिजते आणि पाइप आतून गंजत जातो.

क्लॅम्प कोणता निवडावा?

*यू क्लॅम्प :* स्वस्त, कुठेही मिळणारा. पण दाब काही ठिकाणीच पडतो. जास्त आवळला की पाइपाला खाच पडते, गोल पाइप चेपतो आणि फटी राहतात. पुढच्या वेळी पाइप सुटतही नाही.

*बँड क्लॅम्प :* रुंद सपाट पट्टी सगळ्या बाजूंनी सारखी आवळते. एकात एक सरकवलेल्या पाइपांसाठी हा जास्त भरवशाचा. किंमत जास्त, पण पाइप खराब होत नाही.

*व्ही बँड क्लॅम्प :* पाइपांच्या टोकांना कडा असतील तरच चालतो. टर्बोजवळच्या जोडावर बहुधा हाच दिसतो. साध्या पाइपावर बसवायचा नाही.

आता धातू. जस्ताचा मुलामा दिलेला क्लॅम्प नवीन असताना चकचकीत दिसतो, पण जस्त सुमारे ४२० अंशाला वितळतं. इंजिनाजवळच्या तापलेल्या भागात तो मुलामा टिकत नाही. तिथे स्टेनलेस स्टील घ्यावं. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ४०९ प्रतीत सुमारे ११ टक्के क्रोमियम. गंजाला ३०४ जास्त तोंड देतं, ४०९ स्वस्त पडतं.

इथे एक गैरसमज दूर करा. "लोहचुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही" असं सर्रास म्हणतात. ४०९ ला चुंबक चिकटतो, तरी ते स्टेनलेसच आहे.

माप आणि बसवणं

पाइपाभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा ३१.९ सेंटिमीटर भरला तर बाहेरचा व्यास सुमारे १०.१६ सेंटिमीटर, म्हणजे ४ इंच. वर्तुळाच्या धड्यासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं?

बसवताना गंज पॉलिशपेपरने घासून काढावा. क्लॅम्प दोन्ही पाइप एकमेकांवर आलेल्या भागावरच बसवावा. दोन नट असतील तर आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. किती आवळायचं ते क्लॅम्प बनवणाऱ्याने दिलेलं असतं, तेवढंच. थोडं चालवून, पाइप गार झाल्यावर पुन्हा एकदा तपासावं.

गळती ओळखायची कशी?

जोडाजवळ काळी काजळी दिसते. सकाळी गाडी सुरू केल्यावर टिकटिक आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो कधीकधी कमी होतो. का, ते मुलांना विचारा. धातू प्रसरण पावून फट बुजते! म्हणून आवाज थांबला म्हणजे गळती गेली, असं समजू नये. गॅरेजमध्ये इंजिन बंद आणि गार असताना मागच्या टोकातून ब्लोअरने हवा सोडतात आणि जोडांवर साबणाचं पाणी मारतात. बुडबुडे आले की जागा सापडली.

*सूचना :* मुलांना चालू गाडीखाली कधीही जाऊ देऊ नका. मोजमापासाठी जुना, सुटा पाइप वर्गात आणा.

वर्गात विचारायचे प्रश्न

१. ३ मीटर पाइप २०० अंशाने तापला तर किती वाढेल? (प्रसरणांक ०.००००१२ घ्या. उत्तर : ७.२ मिलिमीटर)
२. रुंद पट्टीने दाब सारखा का पडतो?
३. हँगर तुटल्यावर क्लॅम्प का तुटतो?

पालकांनो, इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपू नका, मुलांनाही झोपवू नका. प्रवासात डोकं जड झालं तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांनी खाली उतरून मोकळ्या हवेत या. गुंगी किंवा उलटी होत असेल तर लगेच दवाखाना गाठा. जोड तपासल्याशिवाय गाडी पुढच्या फेरीला काढू नका.