आधी न्यूट्रल बघा

सोसायट्यांच्या मीटर खोल्या, मंगल कार्यालयांची पॅनेलं, एका छपराखालचे कारखान्यांचे गाळे, यांत विजेची कामं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. थ्री फेज वाटून घेतलेली असते, आणि तिच्यात एकाच्या हयगयीची झळ भिंतीपलीकडच्याला लागते. नव्या कमिटीवाल्यांना जे कळकळीने सांगतो, ते इथे लिहितो आहे.

१. आधी न्यूट्रल बघा.
फेज गेली तर अंधार होतो आणि लगेच फोन येतो. सामायिक न्यूट्रल सुटला तर दिवे चालूच राहतात, आणि घात तिथेच होतो. दोन फेजवरची दोन घरं मग एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या घरात गीझर चालू आहे तिथे व्होल्टेज पडतं. ज्या घरात आजी एकट्या टीव्ही बघत बसल्या आहेत, तिथे ते साडेतीनशेच्याही वर चढू शकतं. एमसीबी पडतेच असं नाही, कारण तिला जास्तीचा करंट कळतो, जास्तीचं व्होल्टेज नाही. तुमचे दिवे अचानक लख्ख आणि शेजाऱ्यांचे मिणमिणते झाले, तर कारण शोधत बसू नका, मेन बंद करा.

जुन्या इमारतींत बहुधा साडेतीन कोअरची केबल सापडते. तिच्यातला न्यूट्रल फेजच्या तारांपेक्षा बारीक. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमधून फारसा करंट जात नाही, हा तेव्हाचा हिशोब. आता एलईडी, संगणक, यूपीएस आले. त्यांचे तिसऱ्या हार्मोनिकचे करंट एकमेकांना काटत नाहीत, न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज होते. म्हणून वायरमनला क्लॅम्प मीटर न्यूट्रललाही लावायला सांगा. इमारतीला रंग काढण्याआधी ओव्हरव्होल्टेज रिले बसवा, असं माझं ठाम मत आहे.

२. एका खोलीत एकच फेज.
जुने वायरमन हे पाळायचे, ते योग्यच होतं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४००. लग्नाच्या हॉलमध्ये डेकोरेटर एका बोर्डावरून दिवे घेतो, साउंडवाला दुसऱ्यावरून. दोन्ही फेज वेगळ्या असल्या आणि दोन्हीकडचं इन्सुलेशन खराब असलं, तर मधे उभा राहणारा गायक त्या ४०० व्होल्टमध्ये सापडतो. हॉल भाड्याने देताना कुठला बोर्ड कुठल्या फेजवर आहे, ते लाल, पिवळ्या, निळ्या पट्टीने दाखवा.

३. आरसीसीबी हवीच, पण तिची मर्यादा ओळखा.
माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपिअरची घ्या. करंट अंगातून जमिनीत जायला लागला की ती तोडते. मात्र रबरी मॅटवर उभ्या माणसाने दोन फेज दोन हातांत धरल्या, तर जमिनीकडे गळती जवळजवळ होत नाही आणि तिला काही कळत नाही. म्हणून चालू पॅनेलमध्ये हात घालायचा नाही, माणूस कितीही सरावलेला असो. तिच्यावरचं टेस्टचं बटण वरचेवर दाबा. घड्याळं, राउटर बंद पडतात म्हणून लोक कुरकुरतात, कुरकुरू द्या.

४. केबलची दुरुस्ती झाली की मोटारी तपासा.
दोन फेजची अदलाबदल झाली तर पंप उलटा फिरतो. एक फेज गेली तर मोटार घुमत राहते आणि जळते. लिफ्ट आणि पंपाला फेजचा क्रम आणि हजेरी तपासणारा रिले हवा.

५. मीटर खोली ही अडगळ नव्हे.
रद्दी, सायकली, गणपतीचं मखर, सगळं बाहेर काढा. कवटीचा धोक्याचा फलक मराठीत लावा. आगीसाठी पाण्याची बादली नको, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर ठेवा. कुलूप असावं, पण किल्ली एकट्या सेक्रेटरीच्या घरात नको. रात्रपाळीच्या वॉचमनकडे दुसरी द्या, आणि मेन स्विच कुठला ते त्याला दाखवून प्रत्यक्ष पाडायला लावा. वॉचमन बदलला की नव्यालाही.