रिमोट आणि रंगपेटी

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. दिवाळीत त्यानं सांगितलं, तो समलिंगी आहे. टीव्हीवर तसं पात्र आलं की हे लगेच चॅनेल बदलतात, मुलगा उठून आत जातो. मला झोप लागत नाही. मैत्रिणीनं मंडलाची गोल नक्षी रंगवायला दिलीय. उपयोग होतो का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, होतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मंडला रंगवणाऱ्या विद्यार्थ्यांची अस्वस्थता कमी झाली. चौकटींची नक्षी रंगवणाऱ्यांचीही झाली. कोऱ्या कागदावर मात्र तितका फरक पडला नाही. म्हणजे गुण आखलेल्या घरांचा. ठिपक्यांची रांगोळी भरताना हात आपोआप संथ होतो, तसंच हे. झोपण्याआधी वीस मिनिटं, मोबाइल बाजूला ठेवून रंगवा.

पण तुमची झोप उडवणारी गोष्ट कागदावर नाही, बैठकीत आहे. चॅनेल बदलतं त्या क्षणी मुलाला कळतं, ‘या घरात मी बघण्याजोगाही नाही.’ हे फार लागतं हो. समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो गुन्हाही नाही असं सांगितलं. ‘मेड इन हेवन’ या वेब मालिकेतला समलिंगी करण बघा : काम करणारा, चुकणारा, प्रेम करणारा साधा माणूस. अर्जुन माथूरला त्या भूमिकेसाठी आंतरराष्ट्रीय एमीचं नामांकन मिळालं.

यजमानांशी आधी एकट्यानं बोला. आणि पुढच्या वेळी रिमोट तुमच्या हातात ठेवा, मुलाला म्हणा, ‘बस रे, बघू या.’