सागरतीरावरील निवास : सुख आणि मर्यादा

इंदूर, बेळगाव, वडोदरा किंवा हैदराबाद येथील अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गोव्यात येत आली आहेत. मंगेशीला किंवा शांतादुर्गेला यावे, देवळाच्या अग्रशाळेत उतरावे, अभिषेक करावा आणि परतावे, ही त्यांची जुनी रीत. त्याच कुटुंबांतील आजची पिढी देवदर्शन आटोपून दोन-तीन दिवस समुद्रकाठच्या एखाद्या आलिशान रिसॉर्टमध्ये राहू इच्छिते. नवविवाहित दांपत्ये तर थेट तेथेच येतात. या निवासात आपण नेमके काय विकत घेतो आणि काय विकत घेऊ शकत नाही, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सिकेरीचे उदाहरण

कांदोळीजवळच्या सिकेरी किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये पुरा केलेला आग्वाद किल्ला आहे. त्याचे नावच पाण्यावरून पडले. लांबच्या सफरीवर निघालेली जहाजे येथील झऱ्याचे गोडे पाणी भरून घेत. या किल्ल्याच्या तटाशेजारी १९७४ मध्ये फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट सुरू झाले. नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली, तेव्हा तिला आलेले शासनप्रमुख विश्रांतीसाठी याच ठिकाणी आले होते.

हॉटेल आणि रिसॉर्ट यांत एक मूलभूत फरक आहे. हॉटेलात पाहुणा रात्रीपुरता असतो; रिसॉर्टमध्ये त्याचा दिवसही तेथेच जावा, अशी योजना असते. बाग, जलतरण तलाव, मुलांसाठी खेळघर, दांपत्यांसाठी निवांत कोपरे आणि तीनही वेळचे जेवण, हे सर्व एकाच आवारात असते. म्हणूनच आरक्षण करतेवेळी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. भाड्यात केवळ न्याहारी आहे की जेवणही? कोणत्या वयापर्यंतच्या मुलांना आकार पडत नाही? उथळ तलाव वेगळा आहे काय, आणि त्यावर देखरेख असते काय? खोली ‘सागरदर्शनी’ म्हणजे खिडकीतून समुद्र दिसणारी, की सज्जाच्या टोकाशी उभे राहिल्यावर दिसणारी? नाताळ व नववर्षाच्या आठवड्यात दर सर्वाधिक असतात, पावसाळ्यात ते बरेच उतरतात. मात्र हे स्वस्त दिवस समुद्रस्नानाचे नव्हेत, हे ध्यानी ठेवावे.

भरतीरेषा

भरतीचे पाणी जेथवर चढते, ती भरतीरेषा. किनाऱ्यावरील सारा व्यवहार या एका रेषेने ठरतो. केंद्र शासनाने फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. तिच्या अन्वये या रेषेपासून जमिनीकडील ५०० मीटरचा पट्टा नियमनाखाली आला, आणि ग्रामीण भागात त्यांतील पहिले २०० मीटर नव्या बांधकामास वर्ज्य ठरले. पुढे २०११ व २०१९ मध्ये या नियमांची फेररचना झाली. जुनी हॉटेले लाटांच्या निकट व नंतरची काहीशी मागे का दिसतात, याचे एक कारण येथे सापडते.

पुळण ही कोणाच्याही आवाराचा भाग नाही. दोनापावलाजवळच्या एका किनाऱ्याकडे जाणारी सार्वजनिक वाट एका हॉटेलच्या बांधकामामुळे अडली, तेव्हा ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने २००९ मध्ये लोकांचा त्या वाटेवरील हक्क मान्य केला. नैसर्गिक संपत्ती शासनाकडे जनतेची ठेव म्हणून असते, हे तत्त्वही त्या निकालात अधोरेखित झाले. तेव्हा आपल्या आरामखुर्चीसमोरून मासेमार रापणीचे दोर ओढत गेले, तर ते आपल्या विश्रांतीत व्यत्यय आणीत नसतात. आपणच त्यांच्या कामाच्या जागी विसावलेले असतो.

पाण्याची ओढ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रस्तुत लेखक एका किनाऱ्यावरील माहिती केंद्रात कामानिमित्त बसला होता. सप्टेंबरचा महिना होता आणि तांबडा बावटा लावलेला होता. इंदूरचे एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन पाण्यात शिरले. जीवरक्षकाने शिट्टी वाजविली, तेव्हा ते चिडून म्हणाले, “अहो, आम्ही या हॉटेलात उतरलोय. भाडं भरलंय आम्ही!” ते बोलत असतानाच मुलाचे पाय वाळूवरून सुटले. जीवरक्षकाने फळी घेऊन झेप घेतली आणि त्याला बाहेर आणले. सायंकाळी ते गृहस्थ केंद्रात आले, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “आमच्या भाड्यात तो मुलगा धरलेला नव्हता हो.”

त्यांनी निवडलेली जागा वरकरणी सर्वांत शांत होती. धोका नेमका तेथेच होता. लाटांनी किनाऱ्याशी लोटलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने परत फिरते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून पाणी निवांत भासते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, कारण त्याने केवळ दम जातो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी. पोहता येत असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे आणि मग परतावे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर संघटित जीवरक्षक सेवा आहे. तांबड्या-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरावे. केवळ तांबडा बावटा असेल तेथे उतरूच नये. मद्यपान करून तर पाण्याजवळही जाऊ नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीपेक्षा वर चढते, याचेही भान ठेवावे.

मर्यादवेल

पुळणीच्या वरच्या अंगाला आपट्यासारख्या दुभागलेल्या पानांची, जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसते. तिला मर्यादवेल म्हणतात. तिच्या जोडीला रावणाच्या मिशा नावाचे काटेरी गवत असते. वाऱ्याने उडणारी वाळू या वनस्पती अडवितात आणि तिचे उंचवटे बनतात. हे उंचवटे उधाणाच्या लाटांचा मारा सोसतात आणि मागच्या वस्तीला आडोसा देतात. छायाचित्रासाठी त्यांवर चढणे किंवा जवळच्या वाटेसाठी ती वेल तुडविणे म्हणजे आपल्याच खोलीची भिंत पोखरणे होय.

किनारा किती नाजूक असतो, हे सिकेरी-कांदोळीने पाहिले आहे. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज तेथे वाळूत रुतले आणि दशकाहून अधिक काळ तसेच राहिले. त्या काळात आसपासच्या पुळणीची झीज हा सर्वांच्या चिंतेचा विषय झाला. मोरजी, आगोंद व गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालावयास येतात. पिल्ले रात्री उजेडाच्या रोखाने चालतात. समुद्राऐवजी दिव्यांकडे वळली तर ती वाचत नाहीत. तेथे राहणाऱ्या पाहुण्याने रात्री सज्जातील दिवा मालविला, तर तेवढेही पुरे आहे.

अग्रशाळेत उतरणारे आपले पूर्वज देवळाचे नियम निमूटपणे पाळीत, कारण जागा देवाची आहे हे त्यांस ठाऊक होते. सागरतीरीही आपण पाहुणेच आहोत. खोलीतील सुख अवश्य उपभोगावे. पण त्या सुखाची वेस मर्यादवेलीने आखून दिली आहे, हे मुलांना तिच्यापाशी नेऊन एकदा दाखवावे.