राउटर मेला म्हणण्याआधी

‘राउटर ब्रिक झाला’ असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बंद पडल्यानंतर तुम्ही त्याला काय काय केलंत? नुसतं फर्मवेअर बिघडून कायमचे गेलेले राउटर मी फार कमी पाहिले आहेत. त्यानंतरच्या घाईघाईच्या दुरुस्तीत गेलेले मात्र बरेच पाहिले. ओपनडब्ल्यूआरटी हे फर्मवेअर घालून वर्षानुवर्षं सुरळीत चालणारे राउटर असे हकनाक जाताना बघून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी आत काय असतं ते डोळ्यांपुढे आणा. टीपी-लिंकच्या आर्चर सी-७ ची दुसरी आवृत्ती घेऊ. तिच्यात १६ एमबीची फ्लॅश चिप असते. सुरुवातीच्या १२८ केबीत यू-बूट हा बूटलोडर बसतो. मधला जवळजवळ सगळा भाग फर्मवेअरचा. अगदी शेवटी ६४ केबीचा एक तुकडा असतो, त्याला एआरटी म्हणतात. कारखान्यात त्या एका राउटरचे रेडिओ मोजून जे कॅलिब्रेशन ठरवलं, ते या तुकड्यात लिहिलेलं असतं. फर्मवेअर पुन्हा डाउनलोड करता येतं. बूटलोडर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या राउटरमधून उसना घेता येतो. तुमच्या राउटरची एआरटी जगात फक्त तुमच्या राउटरमध्ये असते. यातलं काय परत मिळतं आणि काय मिळत नाही, एवढं ज्याला ठाऊक आहे त्याचा हात योग्य जागी थांबतो.

आमच्या सोसायटीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आहे. त्याच्याकडे हाच राउटर. अपग्रेड चालू असताना वीज गेली आणि नंतर राउटर काही उठेना. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. फर्मवेअर अर्धवट लिहिलं गेलं होतं, बूटलोडरला धक्काही लागलेला नव्हता. या राउटरचं रीसेट बटण दाबून धरून वीज चालू केली की बूटलोडर स्वतःच १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर टीएफटीपी सर्व्हर शोधतो आणि ठरलेल्या नावाची फाइल मागतो. संगणकाला तो पत्ता द्यायचा, फायरवॉल तात्पुरती बंद करायची, फाइलचं नाव अक्षरन् अक्षर बरोबर ठेवायचं, की काम झालं. मधे एखादा साधा स्विच जोडावा. नाहीतर राउटर चालू होताना संगणकाचं नेटवर्क कार्ड खाली-वर होतं आणि तेवढ्यात बूटलोडरची हाक निसटते. पहिल्या खेपेला जमलं नाही म्हणून अनेकजण हा मार्ग सोडून देतात. बहुतेक वेळा चूक स्विच न लावण्याची, फायरवॉलची किंवा फाइलच्या नावाची असते.

मुलाने थेट सीरियल केबल जोडली. त्यालाही हरकत नाही. राउटर जिवंत आहे की नाही याचा खरा निकाल सीरियलवरच लागतो. ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल ॲडॉप्टर घ्यायचा आणि तीनच तारा जोडायच्या: ग्राउंडला ग्राउंड, इकडचा टीएक्स तिकडच्या आरएक्सला, आणि उलट. व्हीसीसीची चौथी तार लावायची नाही, राउटरला त्याची स्वतःची वीज पुरते. वेग १,१५,२००. जुन्या संगणकाचा आरएस-२३२ पोर्ट सरळ जोडलात तर त्याच्या व्होल्टेजने प्रोसेसर जळेल. स्क्रीनवर ‘यू-बूट’ हे नाव उमटलं की निश्चिंत व्हा, बूटलोडर जिवंत आहे. निरर्थक चिन्हं आली तर वेग किंवा ग्राउंड तपासा. यू-बूटनंतर कर्नल पॅनिक होऊन थांबलं तर दोष फक्त फर्मवेअरचा. काहीच उमटलं नाही, तर आधी आपल्या तारांवर संशय घ्या, मग बूटलोडरवर.

त्याच्या स्क्रीनवर यू-बूट आलं होतं. ऑटोबूटच्या ओळीवर ‘टीपीएल’ ही अक्षरं टाइप करून तो कन्सोलमध्येही शिरला. पुढे जुनं फर्मवेअर पुसण्याची कमांड होती. या राउटरात फ्लॅशची सुरुवात आणि फर्मवेअरची सुरुवात यांच्या पत्त्यांत एका अंकाचा फरक आहे. शून्याच्या जागी दोन. त्याने शून्य दिलं. यू-बूटने मुकाट्याने स्वतःलाच पुसलं आणि प्रॉम्प्ट परत दिला.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण ही गोष्ट कळली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. यू-बूट चालू झाल्यावर स्वतःची प्रत रॅममध्ये नेतो आणि तिथून चालतो. फ्लॅशमधली प्रत पुसली तरी कन्सोल जिवंत राहतो, टीएफटीपी चालतं, फ्लॅशवर लिहिताही येतं. त्या क्षणी त्याच मॉडेलच्या, त्याच आवृत्तीच्या बूटलोडरची १२८ केबीची फाइल रॅममध्ये आणून पहिल्या जागी लिहिली असती, तर राउटर होता तसा झाला असता. अट एकच: वीज जाता कामा नये. लिनक्स चालू असताना बूटलोडरचं विभाजन बिघडलं तरी हाच नियम. रीबूट करायचं नाही, प्लगला हात लावायचा नाही, शक्य तर इन्व्हर्टरच्या सॉकेटवरूनच काम करायचं, आणि शांतपणे योग्य फाइल शोधायची. त्यात रात्र गेली तरी चालेल.

मुलाने मला फोन केला तो राउटर बंद करून परत चालू केल्यावर. “काका, आता सीरियलवर काहीच येत नाही.”

तरीही राउटर गेला नव्हता. त्याने टर्मिनलचा लॉग जपून ठेवला होता, हे त्याचं शहाणपण. पुसण्याची लांबी फर्मवेअरच्या मापाची होती, म्हणजे शेवटची एआरटी शाबूत होती. मी त्या आठवड्यात गावी होतो. येईपर्यंत थांब म्हटलं. पण ऑनलाइन परीक्षा तोंडावर आलेली, घरात नेट नाही, वडील वैतागलेले. ते राउटर एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने चिप काढली, आपल्याकडची दुसऱ्या आर्चर सी-७ ची अख्खी १६ एमबीची प्रत तिच्यावर लिहिली आणि राउटर चालू करून दाखवला. सगळे दिवे लागले.

खरं नुकसान तिथे झालं. दुसऱ्या राउटरची एआरटी यावर आली. केबलने नेट उत्तम, पण ५ गिगाहर्ट्झचं वायफाय शेजारच्या खोलीत गेलं की गळपटू लागलं. मॅक ॲड्रेसही परका, कारण टीपी-लिंकच्या या राउटरांत तो बूटलोडरच्या विभाजनातच, त्याच्या शेवटच्या एका केबीत असतो. मॅक मी दुरुस्त केला, तो खालच्या लेबलवर छापलेला असतो. कॅलिब्रेशन कुठेही छापलेलं नसतं.

म्हणून चिपपर्यंत जायची वेळ आलीच, तर पहिलं काम वाचनाचं. आत कचरा आहे असं वाटलं तरी अख्खी चिप वाचून फाइल ठेवा. सीएच-३४१-ए हा प्रोग्रामर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो आणि तो स्वस्त आहे. पण त्याच्या काळ्या रंगाच्या प्रचलित बोर्डात एक दोष आहे: चिपला ३.३ व्होल्ट देताना डेटाच्या पायांवर मात्र ५ व्होल्ट येतात. मल्टिमीटरने तपासून, बोर्ड सुधारूनच वापरा. क्लिप लावून बोर्डावरच वाचताना प्रोसेसरलाही वीज पोहोचते आणि तो मधेच चिपशी बोलू लागतो, त्यामुळे वाचन चुकतं. दोनदा वाचा, दोन्ही फाइलींचे चेकसम जुळवा. जुळत नसतील तर चिप सोल्डरमधून सोडवून घ्या. मग त्या फाइलीतले फक्त पहिले १२८ केबी बदला, त्यात आपला मॅक घाला, बाकी सगळं आपलंच ठेवा आणि परत लिहा. दुकानात द्यायचा असेल तर हेच चार वाक्यांत कागदावर लिहून द्या. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही.

आणखी एक सापळा मूळ फर्मवेअरवर परतताना लागतो. टीपी-लिंकच्या ज्या फाइलीच्या नावात ‘बूट’ असं येतं, तिच्या सुरुवातीला बूटलोडरही जोडलेला असतो. ती ओपनडब्ल्यूआरटीमधून जशीच्या तशी लिहिली तर फर्मवेअरच्या जागी बूटलोडर बसतो आणि राउटर उठत नाही. ‘डीडी’ या कमांडने ५१२ बाइटचे पहिले २५७ ठोकळे, म्हणजे १,३१,५८४ बाइट, कापून टाकल्यावरच ती वापरायची.

ओपनडब्ल्यूआरटी बूटलोडरच्या विभाजनावर लिहू देत नाही. ते कुलूप उघडणारं एक मॉड्यूल आहे. ते लोड करताना ‘आय वॉन्ट अ ब्रिक’ असं लिहून द्यावं लागतं, तेव्हाच ते चालतं. ज्याने ही अट घातली त्याला मी मनापासून धन्यवाद देतो. नवा बूटलोडर अधिक सोयीचा आहे, एवढ्या कारणासाठी चालत्या राउटरवर ते कुलूप उघडू नका. २०२४ साली आलेल्या ओपनडब्ल्यूआरटी वन या राउटरात दोन वेगळ्या फ्लॅश चिप आहेत आणि कुठल्या चिपवरून सुरू व्हायचं ते ठरवणारं बटण आहे. मुख्य चिप बिघडली तरी दुसरीवरून राउटर उठतो. सगळ्यांनीच असं बनवायला हवं. तोवर आपली प्रत आपणच ठेवायची.

ती घ्यायला फार वेळ लागत नाही. राउटरमध्ये एसएसएचने शिरून विभाजनांची यादी बघा. बूटलोडर आणि एआरटी ‘डीडी’ने टीएमपी फोल्डरमध्ये उतरवा. मीडियाटेकच्या राउटरांत एआरटीऐवजी बहुधा ‘फॅक्टरी’ हे नाव दिसेल. टीएमपी रॅममध्ये असतं, रीबूट झाला की पुसलं जातं, म्हणून फाइली लगेच संगणकावर ओढा आणि चेकसम तपासा. फाइलीच्या नावात मॉडेल, आवृत्ती आणि मॅक लिहा. खालच्या लेबलचा फोटो त्यांच्याच शेजारी ठेवा. दुसरी प्रत घराबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये.

कुणी अडलेला माणूस तुमच्याकडे बूटलोडर मागायला आला तर जरूर द्या. फक्त आधी त्याच्या राउटरच्या लेबलवरची आवृत्ती तुमच्याशी जुळते का ते पाहा, तुमचा मॅक बदलून त्याचा घालायला सांगा, आणि त्याने त्याची चिप वाचून ठेवली आहे ना, हे विचारल्याशिवाय फाइल पाठवू नका.