न दिसणारा दोष

पक्ष्यांच्या शिकारीसाठी आयर्लंडमध्ये जोपासलेली कुत्र्यांची एक देखणी जात आहे. तिचे नाव आयरिश सेटर. तांबूस, रेशमासारखे केस, डौलदार बांधा आणि तीक्ष्ण घ्राणशक्ती ही तिची लक्षणे होत.

जातीची शुद्धता टिकावी म्हणून अशा कुत्र्यांची वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवतात. परंतु मोजक्याच घराण्यांत जोड्या जमत राहिल्या, की गुणांबरोबर दोषही वंशात मुरतात. आयरिश सेटरच्या वाट्याला असाच एक दोष आला. काही पिलांना जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत अंधारात दिसेनासे होई. पुढे दृष्टिपटल झिजत जाई आणि वर्षभराच्या सुमारास आंधळेपण येई. नवल असे, की या पिलांचे आईबाप बहुधा डोळस असत!

याचे कारण काय? शरीरातील पेशींत डीएनए नावाचा पदार्थ असतो. त्यातील जनुके गुणदोष ठरवतात. या जनुकाची एक प्रत पिलाला आईकडून व दुसरी बापाकडून मिळते. दोन्ही प्रती सदोष असल्या, तरच पिलू आंधळे होते. एकच सदोष असली, तर कुत्रा डोळस राहतो. मात्र तो दोष पुढच्या पिढीला देऊ शकतो. अशा कुत्र्याला ‘वाहक’ म्हणतात. दोन वाहकांच्या पिलांत सरासरीने चारांपैकी एक आंधळे होते.

वाहक ओळखावा कसा? पूर्वी संशयित कुत्र्याची जोडी आंधळ्या कुत्र्याशी जमवीत आणि पिलांची वाट पाहत. एक जरी पिलू आंधळे झाले, तरी संशय खरा ठरे. एका कुत्र्याच्या परीक्षेची किंमत अशी निरपराध पिलांना मोजावी लागे!

१९९३ साली शास्त्रज्ञांनी हा दोष कोणत्या जनुकात आहे, ते शोधून काढले. आता कुत्र्याच्या गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने थोड्या पेशी टिपून घेतल्या, की त्यांतील डीएनए तपासून कुत्रा निर्दोष आहे, वाहक आहे की आंधळा होणार आहे, हे सांगता येते. पिलाचे खरे आईबाप कोण, हेही अशाच तपासणीने ठरते.

मग वाहकांना वंशातून काढून टाकावे काय? नाही. तसे केले, तर त्यांचे उत्तम गुणही जातील आणि उरलेल्या थोड्या कुत्र्यांत दुसरे लपलेले दोष बळावतील. वाहकाची जोडी निर्दोष कुत्र्याशी जमवली, तर एकही पिलू या रोगाने आंधळे होत नाही. पुढे त्यांतील निर्दोष पिले निवडत गेल्यास गुण टिकतात व दोष मावळतो. प्रत्येक कुत्र्याला योग्य जोडीदार मिळावा, हाच या तपासणीचा मुख्य हेतू आहे.

ज्या प्राण्याचे रूप माणसाने आपल्या आवडीने घडवले, त्याची दृष्टी राखणे हेही माणसाचेच कर्तव्य नव्हे काय?

स्वाध्याय
१. डोळस आईबापांच्या पोटी आंधळे होणारे पिलू कसे जन्मते?
२. वाहक ओळखण्याच्या जुन्या रीतीत कोणता अन्याय होता?
३. वाहक कुत्र्यांना वंशातून का काढून टाकू नये?